कोठीची किल्ली

सदाशिवरावांनी बाहेरून खिडकीचा गज धरला, तेव्हा रत्नप्रभाबाईंनी डोळे मिटून घेतले. पुन्हा तेच.

नेरच्या कापूस बाजाराच्या फाटकाशी बैलगाड्यांची रांग लागली होती आणि पुसदची मोटार तिच्यात अडकून उभी होती. पुढे कापूस, मागे कापूस. मोटारीवर नव्या राज्याचं नाव नुकतंच रंगवलं होतं. रंगाचा वास आत येत होता. मांडीवरची पिशवी रत्नप्रभाबाईंनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पुसदला जाणारी दिवसाची ही एकच गाडी.

दिवाळीपासून त्या दोनदा अशाच येऊन बसल्या होत्या आणि दोन्ही वेळा उतरल्या होत्या. एकदा सदाशिवरावांचा चष्मा हरवला म्हणून. तो तांदळाच्या डब्यात निघाला. दुसऱ्यांदा ते चूल पेटती ठेवूनच त्यांना पोचवायला आले होते. सदाशिवराव शाळेत मास्तर. जुन्या जुन्या पोरांची नावं, त्यांच्या बापांची नावं, कोण कुठल्या बाकावर बसायचा हेही त्यांना पाठ होतं. घरातलं काही विचारलं की मात्र एकच उत्तर, "आठवत नाही." मग रत्नप्रभाबाईंनी सांगायचं. लग्न झाल्यापासून त्या सांगतच होत्या.

तिकडे पुसदला त्यांची आई एकेकाला विसरत चालली होती. भाऊ दीनानाथ मागच्या आठवड्यात येऊन सांगून गेला. आधी शेजारणी आठवणीतून गेल्या, मग नातवंडं. परवा आईनं त्यालाच विचारलं, तुम्ही कोणाकडचे? "तुझं नाव अजून आहे तिच्या तोंडात," तो म्हणाला होता. "आहे तोवर ये."

सदाशिवरावांना कोठीची किल्ली सापडत नव्हती. खुंटीवर आहे, रत्नप्रभाबाईंनी सांगितलं. खुंटीवर नव्हती. मग देवघराच्या कोनाड्यात असेल. तिथेही पाहून झालं होतं. कोठीत पीठ होतं, तांदूळ होते, रॉकेलचा डबा होता. दगडाचे दोन ठोके घातले असते तर कुलूप उघडलं असतं. पण ते त्यांना सुचलं नव्हतं. गाड्या काही इतक्यात हलत नाहीत, ते म्हणत होते, तू पाच मिनिटं घरी आलीस तर...

शेजारी एक तांड्यावरची म्हातारी बसली होती, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या ल्यालेली. सोनीबाई तिचं नाव. बसल्या बसल्या तिनं ते सांगून टाकलं होतं. ती इतका वेळ हे सगळं ऐकत होती.

"बाई," तिनं विचारलं, "हा तुया मालक व्हय का लेकरू?"

मागच्या बाकावरचे हसले. रत्नप्रभाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. आपण केव्हा उठलो हे त्यांना कळलंही नव्हतं. पाय आपोआप उठले होते. तेवढ्यात समोरची बैलगाडी फाटकात वळली. कंडक्टर ओरडला, उतरायचं त्यानं आत्ता उतरा, मग थांबणार नाही.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी ओट्यावर पोरं शिकायला बसत. एखादं पोर पाढा म्हणता म्हणता अडलं की त्याचा चेहरा असा होई. स्वयंपाकघरातून रत्नप्रभाबाई हळूच पुढचा आकडा सांगत, आणि सदाशिवराव त्यांना अडवत. सांगायचं नाही, ते म्हणत. सांगितलं की पोर तिथंच अडकून राहतं. त्याचं त्याला आठवू द्यायचं.

त्या परत खाली बसल्या.

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी ओट्यावरच्या सदाशिवरावांसारखा शांत होता. "तुमचं तुम्ही आठवा. घाई नाही."

सदाशिवरावांचा हात गजावरून सुटला. मोटार निघाली. ते बैलगाड्यांमध्ये उभे राहिले, आभाळाकडे बघत, ओठ हलवत, अडलेली पोरं उभी राहतात तसे.

नेर मागे पडलं. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या झाल्या होत्या. सोनीबाईनं पानाची पिशवी उघडली आणि न विचारता सुपारीचं एक खांड त्यांच्या हातावर ठेवलं. रत्नप्रभाबाईंनी पिशवीवरची पकड सैल केली.

कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवत आला. पैसे काढायला त्यांनी कमरेशी हात घातला आणि बोटांना गार लोखंड लागलं.

किल्ली.

सकाळी नवऱ्यासाठी पीठ काढून ठेवलं, कोठीला कुलूप लावलं आणि सवयीनं किल्ली कमरेला खोचली. खुंटीवर ठेवायची राहिली. सदाशिवराव दिवे लागेपर्यंत आठवत बसले तरी त्यांना ती आठवणार नव्हती, कारण या वेळी ते विसरलेच नव्हते.

त्यांनी वळून पाहिलं. मागे नुसता धुरळा होता. उतरलं तर पुन्हा नेर. उद्या पुन्हा गाडी, पुन्हा खिडकी, पुन्हा गज. आणि आईच्या तोंडात त्यांचं नाव उद्या असेल की नाही, कुणी सांगावं.

त्यांचा चेहरा पाहून कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. "काय झालं बाई? काई इसरल्या का?"

किल्ली त्यांच्या मुठीत गरम होत चालली होती.

"आठवत नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.