समूह सोडताना

घड्याळं दुरुस्त करणारे काका कवितांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात प्रत्येकाला भरभरून दाद द्यायचे, पण त्यांच्या कवितेला कोणी साधं 'छान'सुद्धा म्हणत नसे. शेवटी मन घट्ट करून त्यांनी समूह सोडायचं ठरवलं आणि हाताच्या सवयीने ओळी तोडत निरोप लिहिला:

"इथे माझं कोणावाचून
अडत नाही, ना कोणाचं माझ्यावाचून.
रागावून नाही,
थकून निघालोय."

बघता बघता टाळ्यांचा पाऊस पडला. "वा काका, काय मुक्तछंद! डोळे पाणावले. पुढची कविता कधी?"

"अहो, बाहेर पडणार होतात ना?" काकूंनी विचारलं.

"थांब गं, सगळ्यांचे आभार मानतोय."


तेव्हापासून काका दर रविवारी नव्या शब्दांत समूह सोडतात.