तिघांची संथ लय

ड्रमवाल्याच्या हातातला ब्रश निसटला आणि लाकडी मंचावर खट्कन पडला.

पियानोवाल्याची बोटं पट्ट्यांच्या वर तशीच राहिली. बासवाल्याने नुकती छेडलेली जाड तार घुमत घुमत विरून गेली. मग सारं शांत. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. ड्रमवाल्याने सावकाश वाकून तो तारांचा ब्रश उचलला, ड्रमच्या कातड्यावरून अलगद फिरवला. पाचोळ्यातून कुणी हळूच चालत जावं तसा आवाज आला. तेव्हा कुठे पियानोचा एक सूर पडला. एकच.

"काय हिंमत आहे!" शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ डोळे मिटूनच पुटपुटले. "बाकीचे सूर वाजवतात. हे तिघं शांतता वाजवतात. ध्यान आहे हो हे, ध्यान!"

त्यांच्या शेजारी बसली होती ती ड्रमवाल्याची बायको. ध्यान कसलं डोंबलाचं! नवऱ्याच्या मनगटात कळ आली होती, हे तिला इथूनही दिसलं होतं.

सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून तो म्हणाला होता, "आज नीट ऐक. मी त्या दोघांच्या गळ्यातलं लोढणं झालोय का, एवढंच मला सांग. झालो असेन तर आजपासून बंद."

"मला मेलीला काय कळतंय तुमच्या जॅझमधलं? जन्म गेला शिवणयंत्रावर."

"म्हणून तर तुला विचारतोय. ज्यांना कळतं ते सगळे गोड बोलतात."

तरुणपणी हेच तिघं असे वाजवायचे की ऐकणाऱ्याची दमछाक व्हावी. आधी काही ठरवायचं नाही, पुढ्यात कागद ठेवायचा नाही. एकाने सूर टाकायचा, दुसऱ्याने तो झेलायचा, की निघाले सुसाट. लग्नानंतर ती पहिल्यांदा ऐकायला गेली, तेव्हा घरी येताना तिने नवऱ्याला विचारलं होतं, "अहो, मागे कुत्रं लागलं होतं का तुमच्या?" मग वय झालं तसे ते हळू झाले. आणखी हळू झाले. आणि नवल म्हणजे, ते हळू झाले तशी ऐकणारी माणसं वाढली.

आज सगळे डोळे मिटून बसले होते. तिचे तेवढे उघडे होते. कान कच्चे म्हणून ती डोळ्यांनी ऐकत होती. नवऱ्याचा हात उचलायला वेळ लागला की पियानोवाला थांबत होता. माणसाहून उंच अशा त्या बासच्या मानेला गाल टेकून बासवाला दोघांच्या हातांकडे बघत राही, आणि मगच त्याचं बोट हले. घाई कुणालाच नव्हती. पुढचा सूर येईपर्यंत तिचाही श्वास अडे, आणि तो आला की छातीतली गाठ कुणी हलक्या हाताने सोडवल्यासारखं होई. इतकं गोड तिने या तिघांचं कधी ऐकलं नव्हतं.

पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. दोघं याच्यासाठी थांबत होते. खोटं बोलायचं नव्हतं. आता हे त्याच्या तोंडावर सांगायचं कसं?

मध्यंतर झालं. आधी पियानोवाल्याच्या कानावर घालावं म्हणून ती मागच्या खोलीत गेली. तो कोपऱ्यात एकटाच बसला होता. उजवा हात गरम पाण्याच्या भांड्यात बुडवलेला. तिला पाहून तो ओशाळला.

"या, वहिनी. त्याने पाठवलं ना तुम्हाला?"

"तुम्हाला कसं कळलं, भावोजी?"

"न कळायला काय झालं? किती दिवस ते दोघं मला सांभाळून घेताहेत. ही दोन बोटं उठतच नाहीत आता. आज तर पार अडकली. लोकांना कळू नये म्हणून तुमच्या नवऱ्याने ब्रश खाली टाकला! नाहीतर त्याच्या हातून पडेल होय? लोखंडासारखा हात त्याचा." तो पाण्याकडे बघत राहिला. "मला तोंडावर 'थांब' म्हणायला धजला नसेल तो. तुम्हीच सांगून टाका. मी वाईट नाही वाटून घेणार."

हसावं की रडावं, तिला कळेना. तिने खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि त्याचं एकेक बोट कोरडं केलं.

"मी चहा हवाय का विचारायला आले होते," ती म्हणाली.

बाहेर पॅसेजमध्ये नवरा भिंतीला टेकून उभा होता. "ऐकलंस ना? सांग आता."

"वाजवा."

"खरं सांग गं."

"खरंच सांगतेय. आज तुम्ही उठलात तर उद्या भावोजी उठतील. त्यांना आधार आहे तुमचा."

"माझा?" तो भिंतीपासून सुटून सरळ उभा राहिला.

"त्यांना काही विचारत बसू नका. जमेल तसं वाजवत राहा."

घंटा झाली. ती आपल्या खुर्चीत येऊन बसली. मनावरचं ओझं उतरलं होतं. मागच्या दाराने बासवाला आपलं अवजड वाद्य सावरत आला आणि मंचाकडे जाता जाता तिच्यापाशी थांबला. तिच्या कानाशी वाकून, पण चार खुर्च्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो कुजबुजला, "वहिनी, एकदा तुम्हीच सांगा ना त्या दोघांना. माझ्यासाठी इतकं हळू वाजवू नका म्हणावं. अजून थोडं ऐकू येतं मला."