चौथा भाग

"अहो, इतक्यात ओव्हन उघडू नका!" आई टीव्हीसमोर ओरडली. हौशी मंडळींच्या केक स्पर्धेचा चौथा भाग चालू होता. पण बाबा पहिल्यापासून उतावळे. त्यांनी ओव्हन उघडलाच आणि छान फुगलेला केक मधोमध बसला. परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. सुतारकामाने राठ झालेल्या हातांनी ॲप्रनची गाठ सोडून बाबा सगळ्यांकडे बघून हसले आणि स्पर्धेतून बाहेर पडले.

आई हमसून हमसून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. "अगं, चित्रीकरण झालं त्याच दिवशी बाबांनी घरी येऊन सांगितलं नव्हतं का, चौथ्या भागात माझी विकेट पडली म्हणून?"

"माहीत होतं गं. पण ते गेल्यापासून दर शनिवारी तेवढे भेटत होते. आता कुठे भेटणार?"