उलटे हँगर

साठी ओलांडल्यावर आईच्या डोक्यात खूळ शिरलं, की आता मोजकेच, आपल्याला शोभतील तेवढेच कपडे ठेवायचे. तिने कपाटातले झाडून सगळे हँगर उलटे अडकवले. "कपडा घातला की त्याचा हँगर सुलटा करायचा. वर्षभरात जो उलटाच राहील, तो देऊन टाकायचा," असं तिने लेकीला फोनवर ऐकवलं, आणि दुसऱ्याच दिवशी बसल्या जागी गेली.

बाबा कपाट उघडून रडत बसतील, म्हणून लेकीने सगळे हँगर तसेच उलटे ठेवून त्याला कुलूप घातलं आणि एकुलती एक किल्ली आपल्यासोबत नेली. वर्षभराने ती कपडे देऊन टाकायला आली, तेव्हा बाबा चहाचा कप धरून खोलीच्या दारातच घुटमळले.

"सगळं दे. तो पिवळा स्वेटर तेवढा राहू दे. थंडी पडली की ती तोच घालून माझ्यापाशी येऊन बसते."

लेकीला भरून आलं. बापाशी कुठे वाद घालायचा, म्हणून ती नुसतं "बरं" म्हणाली आणि तिने कुलूप काढलं.

सगळे हँगर उलटेच होते.

पिवळ्या स्वेटरचा तेवढा सुलटा होता.