कोळ्याचं काम

पनवेलच्या थिएटरबाहेर एक पोरगी माइक घेऊन उभी होती. पिक्चर सुटला की येईल त्याला धरायची, कसा वाटला म्हणून विचारायची. शैलेश तर आपणहूनच पुढं घुसला. पंचाहत्तरीचा तो नामी नट म्हाताऱ्या कोळ्याच्या कामात, मग काय विचारता!

"काय माणूस आहे हो! ती चाल, ते बोलणं... खऱ्या कोळ्याला लाजवील. मी तर रडलो!"

शेजारी ऑफिसचे साहेब उभे, तिथंच अचानक भेटलेले. तेही मान डोलवत होते.

"आणि हे बाबा तुमच्यासोबत?"

पोरीनं मागच्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. कमरेला रुमाल, उघडे गुडघे, डोक्यावर लाल टोपी. उरणचा दयाराम कोळी, शैलेशचा सख्खा बाप.

शैलेशनं साहेबांकडं चोरून पाहिलं. "छे छे, गावाकडचे आहेत. ओळखीचे."

पोरीनं माइक म्हाताऱ्यापुढं धरला. "बाबा, कसं वाटलं त्या नटाचं काम?"

"बेस केलान." म्हाताऱ्यानं हवेतच जाळं फेकून दाखवलं. "जाला तेवढा उलट्या हातान फेकलान."

साहेब खो खो हसले. शैलेशही हसला.

"ह्यो मोबाइलवर दिसल का गो बाय?"

"हो बाबा, आजच टाकते. सगळे बघतील."

म्हाताऱ्यानं तिला चार पावलं बाजूला नेलं. पण जन्म दर्यावर गेलेला, हळू बोलायची सवय कुठली? सगळ्यांना ऐकू गेलं.

"मंग माझा तेवढा सगला काप. कोलीवारा बघल, नं माझे पोराला नावा ठेवल."