दाढेखालचा दाणा

काळी पडलेली ज्वारी. माहेरी निघालेलं गाठोडं. म्हाताऱ्याचं मिटलेलं तोंड. चैत्रात, सरकारी लेव्ही देऊन उरलेली ज्वारी जमिनीतल्या पेवात भरायच्या सकाळी लंकाबाई सासऱ्याला म्हणाली होती, “मामा, अजून दोन उन्हं द्या. दाना वला हाय.” “माज्या दाढंला शिकवतीस व्हय?” सहादेव हसला. त्यानं दाणा तोंडात टाकला, जबडा हलवला. “वाजला, वाळलाय. भरा पेव.” तिला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण धान्य पारखणाऱ्या त्या दाढेपुढं अख्खं गाव गप्प बसायचं. आषाढात पेव उघडलं. आंबूस वाफ आली, खाली वर्षाचं अन्न कुजलेलं. “हिनंच नीट वाळवली न्हाई. जा माहेरी!” नवरा ओरडला. लंकाबाई सासऱ्याकडं वळली. “मामा, तुमी तरी सांगा. दाना तुमीच पारखला न्हवं?” सहादेव पायांकडं बघत राहिला. ती माहेरच्या, खर्ड्याच्या वाटेला लागली. सहादेवची शेवटची दाढ आदल्या दिवाळीतच पडली होती.