मोफ्याची कोंबडी

"ही कोंबडी आत्ताच्या आत्ता घेऊन जा," काबासो म्हणाला.

काशिबानं कोंबडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "ब्वाना, ही काही लाच नाही. मोठ्या माणसाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढंच. आमच्या राजाकडेही आम्ही असेच जातो."

"मी राजा नाही, मॅजिस्ट्रेट आहे. सोमवारी तुझ्यावरच्या दाव्याचा निकाल आहे. नीघ."

काशिबा गेला. काबासोनं चष्मा काढला, टायच्या टोकानं पुसला, पुन्हा चढवला. चीड आली की त्याचं हे असंच. लुआपुला नदीकाठच्या त्या गावात टाय बांधणारा तो एकटाच होता. बदलून येऊन त्याला दहा दिवसही झाले नव्हते. देश स्वतंत्र होऊन सात वर्षं झाली होती, आणि आपल्या कोर्टात तरी गोऱ्यांच्या वेळची घाण राहू द्यायची नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

दावा सरळ होता. काशिबाचा भाऊ वारला. त्याच्या कबरीवरची माती सुकायच्या आत काशिबानं भावजयीचं कसाव्याच्या कंदांचं शेत आणि मासेमारीची होडी ताब्यात घेतली. भावजयीचं नाव मोफ्या. पदरी चार लेकरं. लागवडीचे दिवस तोंडावर आलेले.

दुसऱ्या दिवशी काशिबा बोकड घेऊन आला. बोकड परत गेला. तिसऱ्या दिवशी सुक्या मासळीची दोन पोती आली. पोतीही परत. चौथ्या दिवशी नवी कोरी सायकल घंटी वाजवत आली, आणि कोर्टाचा म्हातारा शिपाई चिपुलु यानं ती घंटी वाजवतच परत नेऊन दिली.

गाव हे सगळं बघत होतं.

"कोंबडी नको, बोकड नको, सायकल नको!" नदीवर बायका म्हणू लागल्या. "अगं, साहेबाचं पोट आहे की तळं? गोरा साहेबसुद्धा दोन कोंबड्यांत भागवायचा."

चिपुलुनं हे ऐकवलं तेव्हा काबासोनं टेबलावर मूठ आपटली.

"वरचे खात आले म्हणून खालच्यांना सवय लागली, चिपुलु. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी आड साफ झाला पाहिजे."

"खरंय, ब्वाना." चिपुलुनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. "पण आडात पाणी येतं कुठून? खालच्या जमिनीतूनच ना?"

काबासोनं चष्मा पुसला.

निकालाच्या आदल्या दिवशी मोफ्या आली. काखेत पांढरी कोंबडी.

"ब्वाना, माझ्याकडे एवढीच आहे."

"मायो, तुला काही द्यावं लागणार नाही. तुझी बाजू खरी आहे."

मोफ्याचा चेहरा पडला. नवरा गेल्यापासून हे वाक्य तिनं प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं होतं. जो तो ते म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा. ती कोंबडी घेऊन माघारी फिरली आणि वाटेत रडली.

सोमवारी काबासोनं उभं राहून निकाल वाचला. शेत मोफ्याचं, होडी मोफ्याची. शिक्का त्यानं स्वतःच्या हातानं मारला.

पंधरवड्यानं मोफ्या पुन्हा दारात. काखेत तीच कोंबडी.

"ब्वाना, अपील करायचंय."

"अपील? अगं, तू जिंकलीस ना!"

"त्याच्याच विरुद्ध करायचंय."

दाराशी चिपुलु उगाचच खोकला.

"मला शेतात पाऊल टाकू देत नाहीत," मोफ्या म्हणाली. "होडी अजून काशिबाकडेच आहे. मुखिया म्हणतो, साहेबानं कुणाचंच काही घेतलं नाही, म्हणजे साहेबाचं मन अजून ठरलेलं नाही. उद्या निकाल फिरला तर मधल्यामध्ये कोण मरेल? काशिबा तर सांगत सुटलाय, तुम्ही मोटारीची वाट बघताय म्हणून."

"मी पोलीस पाठवतो!"

"परवाच जाऊन आले, ब्वाना," चिपुलु म्हणाला. "जमादार मलाच विचारत होता, साहेबाचं नक्की कुणाशी ठरलंय."

"अरे, कायदा आहे! कागदावर शिक्का आहे माझा!"

"कागदावरचा शिक्का गावाला दिसत नाही, ब्वाना," मोफ्या म्हणाली. "ही कोंबडी तुमच्या अंगणात चरताना दिसली की झालं. मी सुटले. चार दिवसांत लागवड झाली नाही तर वर्ष गेलं. मग काय, पोरांच्या ताटात तुमचा खरेपणा वाढू?"

काबासोनं चष्मा इतका पुसला की काच झिजायची बाकी राहिली. कोंबडी मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होती.

"चिपुलु," तो शेवटी म्हणाला, "बांध हिला त्या खांबाला."

"रस्त्याकडच्या?"

"रस्त्याकडच्याच."

दुपार व्हायच्या आत होडी मोफ्याच्या धक्क्याला लागली. संध्याकाळी मुखिया स्वतः जाऊन शेताची हद्द दाखवून आला. "माणसात आला गं बाई साहेब," नदीवरच्या बायका म्हणाल्या, आणि तेव्हापासून वाटेत भेटल्या की गुडघे टेकून त्याला नमस्कार करू लागल्या.

तिसऱ्या दिवशी कोंबडीनं अंडं घातलं.

बत्तीस वर्षांनी राजधानी लुसाकातल्या एका कोर्टात एका माजी मंत्र्याच्या जप्त मालमत्तेची यादी वाचली जात होती. बंगले, मळे, ट्रक, नदीकाठचं एक अख्खं हॉटेल. वाचता वाचता कारकुनाचा घसा बसला. न्यायाधीश तरुण होता, नुकताच नेमणुकीवर आलेला, आणि संतापानं त्याचा आवाज कापत होता.

"या यादीत काही राहून गेलंय?" त्यानं आरोपीला विचारलं.

म्हाताऱ्या आरोपीनं चष्मा काढला आणि टायच्या टोकानं सावकाश पुसला.

"एक कोंबडी," तो म्हणाला. "पांढरी."